सुपारीचं पहिलं खांड

लग्नाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतभावाने हळदीचा निरोप टाकला, दुपारी चारला सगळ्या बायकांनी घरी यावं म्हणून, आणि त्याच्याखाली लगेच निळू फुले उगवले. टोपी, तिरपी नजर आणि खाली ते वाक्य: बाई, वाड्यावर या. मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वहिन्या हसल्या, जावा हसल्या, थकलेल्या आत्याच्या फोनवरून तिची नातही हसून गेली. माझा अंगठा त्या हसऱ्या तोंडापर्यंत गेला आणि तिथंच अडला.

स्टिकर टाकणारा माझा भाचा. नोकरीला पुण्यात, सिनेमाचा नाद, आणि जगातल्या प्रत्येक नटाला दहापैकी गुण द्यायची खोड. मी त्याला फोन लावला. म्हटलं, हे वाक्य कुठल्या सिनेमातलं रे? ते त्याला सांगता आलं नाही. उलट म्हणाला, "आत्या, खरं सांगू का, तुम्ही लोकांनी त्यांना उगाच मोठं करून ठेवलंय. जन्मभर एकच तर रोल केला. पाटील, सरपंच, चेअरमन. धोतर तेवढं बदलायचं."

मी म्हटलं, पोळ्या लाटायच्या आहेत, नंतर बोलू.

आमच्या गावाला टॉकीज नव्हती. दारव्हा तालुक्यातलं लहानसं गाव; जत्रेला तंबू यायचा, त्यात बायका एकीकडे, माणसं एकीकडे, मधे दोरी. निळू फुले पडद्यावर आले की बायकांच्या बाजूने बोटं मोडल्याचा आवाज ऐकू यायचा. माझी आजी तर अंधारात चप्पल चाचपायची. "पटकी ये तुले, मुडद्या!" बाकीच्या खलनायकांना तिने कधी शिवी दिल्याचं आठवत नाही. डोळे गरगर फिरवणारा, मिशा पिळणारा, गडगडाटी हसणारा कोणी आला की ती निवांत शेंगा सोलत बसे. तिच्या लेखी तो सोंगाड्या. निळू फुले आले की शेंगा खाली.

आजीने एवढ्या लवकर काय ओळखलं होतं, ते मला सावकाराच्या ओसरीवर कळलं.

मृग लागायच्या आधी आई पैशासाठी तालुक्याच्या गावी जायची. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. धाकटा भाऊ घरी राहायचा, मला मात्र ती बरोबर न्यायचीच. का, ते मी कधी विचारलं नाही. माझी स्वतःची मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी कांदा चिरताना ते मला उगाचच, कोणी न सांगता, उमगलं.

सावकार कधी आवाज चढवायचा नाही. पानाच्या डब्यातून अडकित्ता काढायचा. सुपारी तळहातावर घेऊन बोटाने फिरवत राहायचा, कुठल्या अंगाने फुटेल ते हेरल्यासारखी. मग कट्‌. पहिलं खांड आईपुढे धरायचा. "घ्या ना, बाई." आई घ्यायची नाही. तो हात मागे न्यायचा नाही. असा किती वेळ जायचा देव जाणे. शेवटी हात माझ्याकडे वळायचा आणि मी खांड उचलायची, कारण कोणीतरी उचलल्याशिवाय पुढचं बोलणं व्हायचं नाही एवढं मला समजत होतं. "पोरगी शायेत जाते? हुशार दिसते. पैशाचं पाहू ना, बाई. घाई कायची हाये?" घाई आम्हाला होती. आभाळ खाली आलं होतं, बियाणं घरात नव्हतं, आणि हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. तो दुसरी सुपारी घ्यायचा.

बस. त्या ओसरीवर यापलीकडे काही घडलं नाही. तक्रार करायची म्हटली तर काय लिहून देणार? सुपारी दिली म्हणून?

‘सामना’ मी फार उशिरा पाहिला, लग्न होऊन मुलं झाल्यावर, टीव्हीवर. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला सिनेमा, हे सगळं नंतर वाचलं. पाहताना एवढंच दिसलं की हिंदुराव धोंडे पाटील नावाचा साखर कारखान्याचा मालकच म्हणावा असा माणूस एका दारुड्या मास्तरला घरी आणतो आणि त्याचा पाहुणचार करतो. हिंदुराव मनापासून यजमान आहे! आदरातिथ्यात कसूर नाही, शब्दात आडवेपणा नाही. निळू फुले मान जराशी कलती ठेवतात, आवाज घोगरा आणि सैल सोडतात, आणि समोरच्याला बोलायला भरपूर जागा देतात. तो पुढे केलेला हात मी ओळखला. मास्तर मात्र मारुती कांबळेचं काय झालं हे विचारायचं सोडत नाही, आणि ज्या गावात सगळे कागद जागच्या जागी आहेत तिथं एक माणूसच जागेवर नाही, एवढ्या एका गोष्टीने हिंदुराव आतून उसवत जातो. ते उसवणंही निळू फुले आवाज न चढवता करतात.

इथे थोडं चरित्र सांगून टाकते, कारण भाच्याला ते ठाऊक असेल असं वाटत नाही. नीळकंठ कृष्णाजी फुले, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. पगार ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला. कलापथकातून ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य, तिथून १९६८ साली अनंत मान्यांचा ‘एक गाव बारा भानगडी’. १९७२ साली रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’: नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर घरात ठेवून घेणारा माणूस. सेन्सॉरने नाटक अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले.

त्याच १९७२ साली वसंतराव नाईकांच्या सरकारने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. सखाराम बाइंडरचा आणि कापसाचा काही संबंध नाही, मला कळतं. पण आमच्या घरात ते साल कापसाचंच साल म्हणून निघतं. व्यापाऱ्याच्या हातून शेतकरी सुटावा म्हणून योजना आली, चुकारे मात्र हप्त्यांनी मिळायचे. एक हप्ता संपून दुसरा हाती पडेपर्यंत चूल थांबत नाही आणि पेरणीही थांबत नाही. त्या मधल्या दिवसांसाठी ओसरी होतीच.

माझी एक जुनी कुरकुर आहे. मराठी सिनेमाने दुष्ट माणूस कायम उसाच्या मुलखातला घेतला. कारखाना, चेअरमन, फेटा, कोल्हापुरी चप्पल. कापसाच्या मुलखातला खलनायक त्याला कधी सुचलाच नाही. आमच्याकडे वाडा नव्हता असं नाही, पण खरी सत्ता जिनिंगच्या फाटकाशी, अडत्याच्या गादीवर आणि सावकाराच्या वहीत होती, आणि ती वऱ्हाडी बोलायची. २००९ साली सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला तेव्हा पडद्यावर आमची बोली ऐकून मी नवऱ्याचा दंड धरला होता. तोवर कित्येक वर्षं माझा सावकार मनातल्या मनात निळू फुल्यांचीच भाषा उसनी घेऊन बोलत होता. त्यांनी कधी अडकित्ता हातात धरला की नाही, मला सांगता यायचं नाही. माझ्या आठवणीत मात्र त्यांच्या हातात तोच असतो.

भाच्याचं अर्धं खरं आहे, ते मान्य करायला हरकत नाही. त्यांचे कितीतरी सिनेमे एकमेकांत मिसळले तर वेगळे काढता यायचे नाहीत. तोच पाटील, तोच मळा, तीच पोरगी, तोच शेवट. निर्मात्याला एकदा नाणं चालतंय म्हटल्यावर त्याने ते झिजेपर्यंत चालवलं आणि तंबूत बसून आम्हीही टाळ्या दिल्या. शिकल्यासवरलेल्या मंडळींनी तर तेव्हाच वाटणी करून टाकली होती: नटसम्राट म्हणायचं ते डॉ. श्रीराम लागूंना, आणि निळू फुल्यांना म्हणायचं बेरकी. लागू मोठेच, वाद नाही. पण ‘सामना’त ते दोघं समोरासमोर बसलेले बघताना माझी नजर बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे जाते, आणि ऐकणारे असतात निळू फुले. तसं ऐकणारा दुसरा नट मी पाहिलेला नाही. पुढे हेच दोघं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव हिंडले, चळवळीत आयुष्य घालणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला थोडं मानधन मिळावं म्हणून. हे आजीला सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

आईने तर काढलंच. ‘सिंहासन’ दाखवत होते. कादंबऱ्या आपल्या परतवाड्याच्या अरुण साधूंच्या, सिनेमा १९७९ चा, आणि त्यात निळू फुले झालेत पत्रकार दिगू टिपणीस. सगळं बघणारा, सगळं कळणारा, हातात काहीच नसलेला माणूस. आई पलंगावर बसून बघत होती. मुख्यमंत्री कोण, अर्थमंत्री कोण, कोणाचा गट कुठला, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिचं लक्ष एकट्या दिगूवर. "थांब, आता पाह्य कसा रंग दाखवते तो." मी सांगितलं, आई, हा चांगला माणूस आहे. "तुले काय कयते?" अख्खा सिनेमा ती त्याच्या उलटण्याची वाट बघत बसली. शेवटी दिगूच्या डोक्यावर परिणाम होतो, तो रस्त्यात खदाखदा हसत सुटतो, तेव्हा आईने समाधानाने पाय पोटाशी घेतले. "पाह्य. म्या म्हटलं होतं ना."

भाच्याने यालाही मर्यादाच म्हटलं असतं: प्रेक्षकाला नट त्याच्या छापातून बाहेर येताना दिसलाच नाही. मला वेगळं वाटतं. आईकडे त्या ओसरीचा कसलाही पुरावा नव्हता. साक्षीदार म्हणाल तर एक मी, तोंडात सुपारी धरून बसलेली. आमचं खालचं वावर गेलं ते रीतसर खरेदीखत करून गेलं. कर्जाला तारण म्हणून लिहून दिलेलं, पण कागद बघाल तर राजीखुशीची विक्री. २०१४ च्या सावकारी कायद्याने बळकावलेली जमीन परत मिळायची वाट उघडली, तेव्हा भाऊ कागद काढून बसला. कायदा पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार बघतो. आमचं खरेदीखत १९७९ चं. कोर्ट, कचेरी, तलाठी, सगळीकडे ती विक्रीच होती. जगात एकच माणूस असा निघाला की जो आईला न भेटता, आमचा जिल्हा न पाहता, तो मऊ आवाज आणि ती न सरणारी सवड जशीच्या तशी हजारो लोकांपुढे ठेवत होता. आई त्याला सोडायला तयार नव्हती, यात मला त्याचा मोठेपणा दिसतो. दहापैकी किती, ते भाच्याने ठरवावं.

आणि म्हणूनच त्या स्टिकरवर मला हसू आलं नाही. ज्या सुराने तंबूतल्या बायकांच्या अंगावर काटा येत होता, तो सूर आता हळदीच्या निरोपाखाली गंमत म्हणून बसतो.

यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन भरलं, ११ जानेवारी २०१९ ला, तेव्हा मी मांडवात होते. उद्घाटनाला आधी एका लेखिकेला बोलावलं, मग त्यांनाच येऊ नका म्हटलं, ते महाभारत सगळ्यांनी वाचलेलं आहे. उद्घाटनाला उभ्या राहिल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. नवऱ्याने आत्महत्या केलेली. त्या आधी श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ नाटकात काम करत होत्या. हरीश इथापेंनी बसवलेलं, आणि त्यात शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर. अडचणीत दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई कामी येते, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि मांडव उठला. मी मात्र त्यांचे हात बघत होते. ते काय करत होते म्हणाल तर काही नाही, नुसते शांत होते. आणि मला निळू फुले आठवले, जे खरं म्हणजे त्या मांडवात आठवायचं काही कारण नव्हतं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने दोनच गोष्टी विचारल्या. लुगडं कोणतं होतं, आणि तिने नाव घेतलं का? मी म्हटलं, कोणाचं? "ज्याच्याकडे पैसे होते त्याचं." नाही, नाव कोणाचं घेतलं नाही. "मंग ठीक हाये," आई म्हणाली. ठीक कसं, ते तिने सांगितलं नाही. तिने स्वतः त्या माणसाचं नाव आजवर कधी उच्चारलेलं नाही, नुसतं "थो" म्हणते. मीही इथे लिहिलेलं नाही. त्याचा नातू भावाच्या ओळखीचा आहे, मोठ्याने बोलतो, मोठ्याने हसतो, बसायला खुर्ची देतो, बसस्टँडमागे त्याचं कृषी केंद्र आहे. यंदाच्या सोयाबीनच्या बॅगा भावाने तिथूनच उचलल्या, उधारीवर.