बालीतला माझा पाडवा

बालीत उतरलेल्या मराठी माणसाला बरंच काही ओळखीचं वाटतं. दारात गणपती, नाचात रामायण, कालगणनेत शक. तिथे माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या याच ओळखीच्या भरवशावर.

उबुदजवळ एका कुटुंबाकडे मी राहिले होते. घरच्या बाईंना सगळे इबू म्हणत, मीही म्हणू लागले. इबू रोज सकाळी नारळाच्या झावळीच्या छोट्या द्रोणांत फुलं आणि भात घालून घरभर मांडायच्या. काही उंच देव्हाऱ्यांवर, काही थेट अंगणात जमिनीवर. देवाची फुलं पायदळी नकोत, म्हणून एकदा मी जमिनीवरचे द्रोण उचलून कट्ट्यावर ठेवले. इबूंनी ते मुकाट्याने पुन्हा खाली मांडले. त्यांच्या मुलाने मला नंतर समजावलं: उंचावरचं देवांना आणि पितरांना, जमिनीवरचं भूत आणि काल या उपद्रवी शक्तींना. त्यांनाही त्यांचा वाटा मिळाला तरच जगाचा तोल राहतो. म्हणजे भक्तिभावाने मी त्यांची अर्धी पूजाच मोडली होती.

एवढ्यावर मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही.

२०२३ साली बालीचं शक नववर्ष, म्हणजे न्येपी, आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी आले: २२ मार्च, शके १९४५. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह या अक्राळविक्राळ राक्षसांच्या मिरवणुका निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास सगळं बेट थांबलं. आग-दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पडणं नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा बंद. इबूंनी हे सगळं मला आधीच सांगितलं होतं. पण देवापुढचा दिवा यात थोडाच येतो, असं मी परस्पर ठरवलं आणि पाडव्याच्या संध्याकाळी खोलीत निरांजन लावलं.

उजेड खिडकीबाहेर गेला. थोड्याच वेळात पेचालांग, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले गावचे राखणदार, फाटकाशी आले. मला कोणी एक शब्द बोललं नाही. इबूंच्या यजमानांना मात्र अंधारात उभं राहून माझ्या वतीने क्षमा मागावी लागली. मी निरांजन शांत केलं, तोवर त्या घराचा वर्षातला सर्वांत कडक नेम माझ्यामुळे मोडला होता.

न्येपीनंतरच्या दिवशी, न्गेम्बाक गेनीला, लोक एकमेकांकडे जाऊन क्षमा मागतात. मी इबूंपुढे हात जोडले. “माझं चुकलं.”

“यापुढे आधी विचारा,” त्या म्हणाल्या.

बालीतल्याच सानूरच्या ब्लांजोंग स्तंभावर शके ८३५ची नोंद आहे. शक तिथे इतका जुना आहे. बालीच्या लोकांनी तो आणि त्याच्यासोबत आलेले देव आपल्या जमिनीत, आपल्या पितरांच्या शेजारी अकराशे वर्षं सांभाळले. नावं ओळखीची होती, एवढ्यावरून त्या धर्मात मी वडीलकीचा हक्क गाजवला. तो माझा नव्हताच.