कारण न विचारणारे गाणे

'पोटशूळ' हा शब्द उच्चारला की निदान आपोआप होऊन जाते. पोट आले, त्यात रुतलेला शूळही आला. 'कॉलिक' या शब्दाचीही तीच गत; मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावावरून तो निघाला. प्रत्यक्षात तान्हे बाळ संध्याकाळी तासन्तास का रडते, याचे निर्णायक उत्तर वैद्यकशास्त्राला अजून मिळालेले नाही. १९५४ मध्ये मॉरिस वेसेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह जी व्याख्या मांडली, ती म्हणूनच कारणाची नसून मोजणीची आहे. एरवी निरोगी असलेले, बाळसे धरणारे मूल दिवसाला ३ तासांहून अधिक, आठवड्यात ३ दिवसांहून अधिक, आणि असे ३ आठवड्यांहून अधिक काळ रडत राहिले, तर ते कॉलिक. अर्थ लागत नसलेल्या संहितेची केवळ अक्षरे मोजावीत, तसे हे झाले.

धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा या मोजणीचा प्रत्यय आम्हां सर्वांना आला. पाचव्या आठवड्यापासून दिवेलागणीला रडणे सुरू होई, ते रात्री दहापर्यंत. मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, चेहरा लालबुंद. पिऊन झाले की दुधाची गुळणी खांद्यावर. आईने बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावले, ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून आपल्या गालाला लावून पाहिली आणि मग बाळाच्या पोटावर धरली. सहाणेवर मुरुडशेंग उगाळली गेली. ती शेंग स्वतःच पिळवटलेली असते; पिळवटणाऱ्या आतड्यांसाठी पिळवटलेली शेंग, हे आपल्या लोकौषधींचे रूपकशास्त्र मला एरवी मोहक वाटले असते.

पण उपायांबरोबर कारणेही येत होती, आणि कारणे उपायांइतकी मायाळू नव्हती. भेटायला येणारी प्रत्येक बाई प्रथम बाळंतिणीला विचारी, "काल काय खाल्लेस?" हरभऱ्याची डाळ, वाल, कोबी, मग कांदाही बंद झाला. बहिणीचे ताट आकसत मऊ भात, तूप आणि मेतकुटावर आले. रडणे तेवढेच राहिले. एका रात्री ती मला म्हणाली, "दादा, माझ्याच दुधात काही खोट आहे का रे?"

दुसऱ्या संध्याकाळी आईने मीठमोहऱ्या उतरवून दृष्ट काढली. त्यात निदान बहिणीवर आळ नव्हता, असे वाटून मला क्षणभर हायसे वाटले. मग ध्यानात आले, की दृष्ट म्हटली की ती कुणाची तरी असावी लागते, आणि ती बहुधा एखाद्या निपुत्रिक शेजारणीच्या माथी येते. ताटातले कारण असो की डोळ्यातले, ते शेवटी कुणा बाईपाशीच जाऊन थांबते.

डॉक्टरांनी बाळाचे वजन केले. ते नीट वाढत होते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप या वयात सैल असते, म्हणून दूध वर येते; हिरवी उलटी, रक्त, ताप किंवा वजन खुंटणे यांपैकी काही दिसले तरच काळजी करायची, असे त्यांनी सांगितले. गाईच्या दुधातील प्रथिने काही थोड्या बाळांना सोसत नाहीत, पण त्याची लक्षणे इथे नव्हती. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही आणि बाळाला झोपवायचे ते उताणेच, हेही त्यांनी बजावले. हे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते, असे म्हणून ते बहिणीकडे वळले. "रडणे असह्य झाले तर बाळाला पाळण्यात ठेवा, पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जा. पण त्याला गदागदा हलवू नका, कधीच नाही. आणि ताई, तुम्ही पोटभर जेवा."

त्यानंतर संध्याकाळची पाळी मी घेतली. पाजून झाले की त्याला अर्धा तास उभे धरायचे, ढेकर काढायची, मग खांद्यावर घेऊन बैठकीच्या भिंतीपासून गॅलरीपर्यंत १४ पावले जायचे, १४ यायचे. थोपटण्याला ताल लागतो, तालाला सूर. तो नकळत येतो. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'मधील ओव्या आपण वर्गात शिकवतो, तेव्हा त्यांतील प्रतिमा उलगडतो, सासर-माहेरचे संदर्भ देतो. खांद्यावर रडणारे मूल असताना त्या ओवीचे खरे काम कळते. तिचे शब्द बाळाला समजणार नसतात, म्हणणारीलाही ते ठाऊक असते. 'जोजवणे' हे क्रियापदच मुळी 'जो जो' या अर्थहीन नादातून घडलेले आहे. अंगाईच्या शब्दांत कधी दृष्टीची शंका येतेही, पण लय त्या शंकेपाशी अडत नाही. का रडतोस याचे उत्तर मिळेपर्यंत ती थांबली असती, तर कोणतेच मूल निजले नसते.

आपला व्यवसाय अर्थ लावण्याचा. न लागणारा अर्थ ही आपल्याला उणीव वाटते, आणि ती भरून काढताना आपण कुणाला तरी आरोपी करून बसतो, हे लवकर दिसत नाही. कारण शोधू नये असे मी म्हणत नाही. ज्याला ते शोधता येते त्याने तराजू घेऊन, तपासून शोधावे. बाकीच्यांनी बाळ घ्यावे. आईचे हात तेवढा वेळ रिकामे होतात.

साडेतीन महिने झाले आणि रडणे ओसरले. हिंग, मुरुडशेंग, मीठमोहऱ्या, सर्वांच्या वतीने श्रेय घेतले गेले. बहिणीने मात्र तोवर वाट पाहिली नव्हती. डॉक्टरांकडून आल्या दिवशीच तिने रात्रीच्या जेवणात उसळ मागून घेतली होती, दोनदा.