यादी
(वडवणी तालुका, 2023)

24 ऑक्टोबर, मंगळवार
दसरा. मेळाव्याला गावातून गाड्या भरून गेल्या. मी घरीच. तिकडं रेंज गेली अन् नेमका एजन्सीचा फोन आला तर?

26 ऑक्टोबर
केजच्या पोराला जॉइनिंग आलं. परवा मुंबई, मग बोट, मग क्रेनच्या बास्केटमधून बार्जवर. मेपर्यंतची सोय झाली. स्कॅफोल्डिंग त्याला मीच शिकवलं.

27 ऑक्टोबर
एजन्सीला फोन. "लिस्ट वरून येते, आम्ही फक्त कळवतो." सुपरवायझरला फोन. "लिस्ट एजन्सी बनवते." दोघंही गोड बोलले.

28 ऑक्टोबर
दादाकडं ऊसतोडीचा मुकादम आला. ओट्यावर बसून चहा घेतला, उचल मोजून दिली. मग वही काढली अन् मागच्या हंगामाचे खाडे वाचले. दादा भांडला. वहिनी आतून भांडली. दोन खाडे खोडले गेले. जाताना मला म्हणाला, "तुम्ही दोघं येता का? कोयता धरतो." नाही म्हणालो.
मुकादम काय चीज असते ते या भागात कुणाला सांगायला नको. पण त्याचं घर दादाला माहीत आहे. माझ्या लिस्टवाल्याचं मला नावसुद्धा माहीत नाही.

30 ऑक्टोबर
आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात जाळपोळ. बीडमध्येही. संचारबंदी.

31 ऑक्टोबर
नेट बंद. एसटी बंद. ईमेल आला असला तरी दिसायचा नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

1 नोव्हेंबर
बायकोनं विचारलं, मे महिन्यात काय झालं होतं. सांगून टाकलं.
पाइपांचा गठ्ठा क्रेनवर लटकलेला. वारा वाढला. टॅगलाइन दोघांना आवरेना. मी हात वर केला. क्रेनवाल्यानं लगेच थांबवलं, तो वाटच बघत होता. पाऊण तास काम बंद. कार्डावर छापलंय, धोका दिसला तर कुणीही काम थांबवू शकतो. रोज सकाळी टूलबॉक्स टॉकला ते वाचून दाखवतात, सगळे सह्या करतात. रात्री मेसमध्ये साहेब हसत म्हणाला, "आज तू बहोत महंगा पडा." पुढच्या आठवड्यात मला सेफ्टीचं बक्षीस, टोपी, साहेबासोबत फोटो. त्यानंतर काम नाही.
ती म्हणाली, बरं केलंत. मग तौक्ते वादळाचं काढलं. दरवेळी काढते. 17 मे 2021. मुंबई हायला पी-305 बार्ज बुडाली, 261 माणसं होती तिच्यावर. इशारा आधी आलेला, बार्ज बंदरात आली नाही. वरप्रदा टग धरून 80 हून जास्त गेले. बातम्या लागल्या तेव्हा ती रात्रभर टीव्हीसमोर बसून होती, मी शेजारी बसलेलो असताना.

2 नोव्हेंबर
पेपरात दुष्काळी तालुके. जिल्ह्यातले वडवणी, धारूर, अंबाजोगाई. चला, एका यादीत तरी नाव लागलं.

5 नोव्हेंबर
नेट आहे. ईमेल नाही. केजच्या पोराचा मेसेज: "तुमच्या जागी बिहारचा एक जण आहे. कामाला चांगला आहे."

7 नोव्हेंबर
दादा-वहिनी निघाले. ट्रॅक्टर कराडकडं. पोरं आईजवळ. धाकटीनं ट्रॅक्टरकडं बघितलंसुद्धा नाही.

8 नोव्हेंबर
काही नाही.

9 नोव्हेंबर
नेरूळच्या दुसऱ्या एजन्सीचा फोन. दुसरी बार्ज, तेच काम, बारा तास. रोज दीडशे रुपये कमी. मेडिकलचा खर्च आपला. ओव्हरटाइमचं "बघू". मागचं काम का सोडलं, विचारलं. म्हणालो, कॉन्ट्रॅक्ट संपलं. "हां, फॉर्मवर तेवढंच लिहा."
म्हणजे त्याला माहीत आहे? की सगळ्यांनाच तसं सांगतो?

10 नोव्हेंबर
धनत्रयोदशी. मेडिकल सोमवारी सकाळी. ट्रॅव्हल्सला लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचं एकच सीट उरलेलं, शेवटच्या रांगेत. घेतलं. बायकोला अजून सांगितलं नाही.