अब्बांची कमान

फाल्गुन सरत आला की अब्बा कमान घेऊन अंगणातल्या कडुलिंबाखाली बसायचे. लग्नसराईच्या गाद्यांचा ढीग पडलेला असायचा. तात झणझणायची, कापूस उडून अम्मीच्या मोगऱ्यावर बसायचा. ती कुरकुरायची. अब्बा हलायचे नाहीत, सावली तिथंच होती ना! तोंडाला फडकं बांधा, हेही ती सांगून थकली. शेवटी खोकल्यानंच ते खंगले.

ते गेल्यानंतरचं २०२३. पाडवा २२ मार्चला, पहिला रोजा २४ ला. शेजारच्या काकू गाठी घेऊन आल्या आणि विचारलं, "गादी पिंजून देशील का रे?" मला कुठलं येतंय! गादी मशीनवर पाठवली.

मोगरा आता स्वच्छ फुलतो. अम्मी मात्र अजूनही फूल तोडलं की आधी फुंकर मारते.