रांगेवरून पारख

चर्चमध्ये कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घेण्याची, रांग दारापर्यंत आणि पापनिवेदनाला चार डोकी, यावरून भाविक ढोंगी ठरवणं घाईचं आहे. कॅथलिक चर्चच्या 1215च्या लॅटरन परिषदेने पापनिवेदन वर्षातून एकदा सक्तीचं केलं, दर मिस्सेआधी नव्हे. पोप दहावे पायस यांच्या काळात, 1905 साली, रोजच्या कम्युनियनलाही उत्तेजन मिळालं. अटी दोनच, गंभीर पापातून मुक्तता आणि शुद्ध हेतू. मग जो तो आपलाच न्यायाधीश होईल, हा आक्षेप रास्त आहे. पण गंभीर पापाला पूर्ण जाणीव आणि मोकळी संमती लागते. ती बाहेरून कोण तपासणार? मला खटकतं ते वेगळंच. अख्खा बाक उठला की एकट्याने बसून राहणं अवघड होतं, आणि लोकलाजेने पुढे सरकणाऱ्याला कुठलाही नियम अडवू शकत नाही.