चौथं तोंड

गेल्या वैशाखात खोपट एसटी स्टँडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या हातचा फ्लेअर गळला. एसीच्या इनडोअरकडचा, अर्ध्या इंचीचा, म्हणजे तांब्याच्या नळीचं फुलासारखं पसरवलेलं तोंड. हा मी डोळे मिटून मारतो, अशी ख्याती मीच पसरवली होती.

बसवल्यावर पंधराव्या दिवशी त्या घरातल्या आजींचा फोन आला, एसी चालतोय पण खोली गार होत नाही. गेलो तर आऊटडोअरच्या पाव इंची व्हॉल्व्हवर बर्फ. म्हणजे गॅस कमी. मी लगेच म्हणालो, "आजी, कंपनीचं कॉइल गळतंय." माझ्या हाताखाली काम करणाऱ्या भाच्याने काही न बोलता इनडोअरमागचा फोम उलगडला. नटाच्या कडेला तेलाचा ओलसर डाग. शॅम्पूचा फेस लावायचीही गरज पडली नाही.

"मामा, तेल आलंय," तो हळूच म्हणाला. मी फडक्याने डाग पुसला आणि फोम पुन्हा गुंडाळला.

एका बसवणुकीत चार तोंडं. तीन कुणालाही जमतात. हे चौथं भिंतीच्या भोकाजवळ, वाकड्या जागेत, दोन पाने एकमेकांविरुद्ध धरून आवळायचं असतं. ढिलं राहिलं तर गळतं, जास्त आवळलं तर फुलाची मान पातळ होते आणि पुढच्या उन्हाळ्यात चिरते. तांबं आधी नमतं, मग अडतं. ते अडणं मला मनगटात ऐकू यायचं. दोन वर्षांपासून उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, सकाळी तर चहाचा कपही नीट धरवत नाही. हे मी घरात सांगितलं होतं, धंद्यात नाही.

त्यात गॅस बदलला. बावीस नंबरचा चालू मशीनमध्ये पासष्ट-सत्तर पौंडांवर असायचा, बत्तीस नंबरचा सव्वाशेच्या आसपास. अर्ध्या इंचीला जुन्या गॅससाठी फुलाचा व्यास १६.२ मिलिमीटर, नव्याला १६.६. माझं फ्लेअरिंगचं यंत्र बावीसच्या जमान्यातलं, म्हणून पाइप अर्धा मिलिमीटर जास्त वर काढून धरावा लागतो. तो अर्धा मिलिमीटर मी वर्षानुवर्षं नजरेने मोजला. चष्म्याचा नंबर वाढला, नजर तीच आहे असं मी धरून चाललो.

हल्लीची अॅपवरून येणारी पोरं दिवसाला चार मशीन बसवतात. व्हॅक्यूम पंप गाडीतच राहतो, थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलतात. बत्तीसचा गॅस पेट घेऊ शकतो, हे त्यांच्या गावीही नसतं. कुणी तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची नळी टाकून जातं, आणि दोन वर्षांनी शिव्या आमच्या सगळ्या जमातीला. त्यांच्याबद्दल मी तासभर बोलू शकतो. पण आजींकडे व्हॅक्यूम मी केला होता, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट नाही. सिलिंडर दोन जिने चढवायचा कंटाळा आला. व्हॅक्यूमचा काटा वीस मिनिटं हलला नाही, म्हणून मी खूश. उलट्या दाबाला जे तोंड मिटून राहतं, ते सुलट्या दाबाला उघडतं, हे भाच्याला मीच शिकवलेलं.

तोंड कापून नवं मारलं, गॅस वजनावर भरला, पैसे घेतले नाहीत. आजी तेव्हापासून मला देवमाणूस म्हणतात. कॉइलचं ते वाक्य मी अजून परत घेतलेलं नाही.

भाच्याने टॉर्क पाना आणलाय. अर्ध्या इंचीला पन्नास-पंचावन्न न्यूटन-मीटर लावला की खट्‌ वाजतो. मी म्हणालो, खेळणं आहे. नंतर एकटा असताना तो घेऊन दिवसभर टाकाऊ तुकड्यांवर बसलो.

आता असं चालतं: चौथा नट आधी मी साध्या पान्याने आवळतो, मग टॉर्क पान्यासाठी भाच्याकडे सोपवतो. नट न हलता खट्‌ वाजलं तर माझं मनगट अजून खरं. कमी पडलो तर कळतं, जास्त आवळलं तर तेही नाही. तरीही मनात मोजत असतो. गेल्या आठवड्यात पाच जागा झाल्या. चार वेळा नट हलला नाही. पाचव्या वेळी जवळजवळ पाव फेरा फिरला. भाचा माझ्याकडे बघेल म्हणून मी खिडकीशी जाऊन ग्रीलचे बोल्ट तपासत उभा राहिलो. ते त्यानेच सकाळी आवळले होते.