करवत बोथट नव्हती

आपल्याकडे काही बिघडलं की आधी माणूस शोधतात, बिघाड मागाहून. आमटी खारट झाली तर पहिला प्रश्न, "मीठ कुणी घातलं?" शाळेत मराठी शिकवताना मी हे वर्षानुवर्षं पाहिलं. मुलगा मागे पडला की शेरा ठरलेला : 'अभ्यासात लक्ष नाही'. त्याला फळ्यावरचं दिसतं का, घरून काही खाऊन येतो का, ही चौकशी सगळ्यात शेवटी.

हे सगळं पुन्हा मनात आलं ते पुतण्याच्या सॉ मिलमुळे. चिपळूणजवळ त्याची लहानशी मिल आहे. बँडसॉ, म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून फिरणारी पट्ट्यासारखी लांब करवत, आणि तिला २० अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "अण्णा, मशीन दमायला लागलंय. दिवसाचं काम दीड दिवसाला जातं. दादांच्या हातात आता काही राहिलं नाही."

दादा म्हणजे ब्लेडला धार लावणारे. साठीच्या पुढचे, थोरल्या भावाच्या वेळेपासून तिथेच. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे निकाल लागल्यातच जमा होता. पुतण्याचा बेत असा की धार बाहेरून लावून आणायची, दादांना रजा द्यायची आणि कर्ज काढून ३० अश्वशक्तीची मोटार बसवायची.

दोन दिवस राहायला गेलो. यंत्रातलं मला कळत नाही. पण उत्तर चुकलं की कुठली पायरी चुकली ते शोधायचं, एवढं शाळेत शिकलो आहे. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिला प्रश्न दादांनाच विचारला. इतके दिवस तो त्यांना कुणी विचारलाच नव्हता! ते म्हणाले, "गुरुजी, ब्लेड बोथट झालं किंवा दातांची फाक एका बाजूला कमी पडली, तर करवत भरकटते, फळी वाकडी उतरते, लाकडावर जळका डाग पडतो. ही फळी बघा, सरळ आहे. आंब्याचं लाकूड झरझर जातं. ऐनाचा जाड ओंडका लावला की मोटार घुमते आणि वेग पडतो."

तरीही खातरजमा करायची म्हणून कारखान्यातून आलेलं कोरं ब्लेड चढवलं आणि त्याच ओंडक्याची फळी काढली. तेवढाच वेळ लागला. धारेचा प्रश्न मिटला. मग मोटारीवरून चाकाला जाणारे बेल्ट पाहिले. सैल बेल्ट ओझं आलं की पुलीवर घसरतो, तापतो, रबराचा वास येतो. तसं काही नव्हतं.

राहिली वीज. पुतण्या म्हणाला, "व्होल्टेज बघितलंय, चारशे आहे." खरं होतं, पण ते मीटरच्या पेटीपाशी आणि मशीन बंद असताना. वायरमनला बोलावून मोटारीच्या टोकाशी, ओंडका कापत असताना मोजायला सांगितलं. मीटरपाशी ४०२, मोटारीपाशी ३६२!

कारण होतं २०२१ सालात. त्या वर्षीच्या २२ जुलैच्या महापुरात मिलमध्ये पाणी शिरलं होतं. मग पुतण्यानं त्याच आवारात मागच्या उंचवट्यावर मशीन हलवलं. मीटर मात्र जुन्याच जागी. मधल्या ऐंशी मीटरसाठी घाईत हाताशी होती ती ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल जोडली. तांब्याच्या जुन्या तारेशी तिचा नुसता पीळ मारलेला. तो सांधा काळा पडला होता. पुढे बरेच दिवस पेट्यांसाठी आंब्याचं मऊ लाकूडच जास्त येत होतं, म्हणून दुखणं दिसलं नाही. ऐन, किंजळ आल्यावर ते वर आलं.

गच्चीवरच्या टाकीला बारीक नळी जोडली तर नळ बंद असताना नळीत पाण्याचा दाब पुरेपूर असतो. नळ उघडला की धार करंगळीएवढी. तसंच हे. शिवाय वायरमननं सांगितलं की अशा मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ४१५ च्या जागी ३६२ म्हणजे व्होल्टेज आठवा हिस्सा कमी, पण जोर जवळजवळ पाव हिस्सा कमी. आणि तेवढंच काम ओढायला मोटार जास्त करंट घेते, म्हणजे तारेत आणखी घट. यावर ३० अश्वशक्तीची मोटार आणली असती तर तिनं त्याच बारीक तारेतून आणखी करंट मागितला असता. कर्ज डोक्यावर, मशीन होतं तिथेच, आणि तार तापून आगीची भीती वेगळी.

१६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली, सांधे योग्य लग लावून केले. मोटारीपाशी आता कापतानाही ३९० च्या वर मिळतात. ऐनाचा ओंडका पूर्वीसारखा जातो.

आरागिरण्यांचे परवाने १९९६ पासूनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर सहज मिळत नाहीत. चालती मिल कर्जात बुडून बंद पडली तर पुन्हा उभी करणं कठीण. तिथल्या पाच घरांची चूल त्यावर आहे. पण मला जास्त टोचलं ते दुसरंच. दादा तो दोष मुकाट्यानं अंगावर घेऊन बसले होते. मी निघताना हळूच म्हणाले, "गुरुजी, मलासुद्धा वाटायला लागलं होतं, आपलाच हात गेला."

माणसाला सारखं सांगत राहिलं की तू बोथट झालास, तर धारदार माणूसही ते खरं मानू लागतो. वर्गात अशी कितीतरी मुलं असतात. त्यांच्यापर्यंत पोचणारी तार कुणी तपासलेलीच नसते.

पुतण्यानं दादांची माफी वगैरे मागितली नाही; आमच्याकडे तशी पद्धतच नाही. पण परवा फोनवर सांगत होता, "दादांच्या हाताखाली एक पोरगा ठेवलाय, धार शिकायला." मला तेवढं पुरे वाटलं.